खाल्लेली नखं, जवळ आलेला साखरपुडा आणि पहिल्या दिवशी काहीच न लावण्याचा निर्णय : एक पूर्ण केस

ही केस सविस्तर लिहितेय कारण खाल्लेल्या नखांवर काम कसं करायचं हे आपल्याकडच्या नखांच्या कामाच्या बऱ्याच कोर्समध्ये एका दुपारीत उरकून टाकतात, मॉडेल म्हणून पण छान लांब नखांची मुलगी बसवतात, आणि मग स्वतःचं टेबल टाकलं की अशी बोटं समोर येतात की टिप, म्हणजे प्लास्टिकचं नकली टोक, नक्की चिकटवायची कुठे हेच कळत नाही. क्लायंटला विचारूनच लिहितेय, तिची ओळख पटेल असं काही देत नाहीये.

क्लायंट पंचविशीतली, नाशिकला एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर. नखं खायची सवय शाळेपासूनची, दहावीच्या वर्षात वाढली आणि मग गेलीच नाही. लग्न ठरलेलं, साखरपुडा ज्येष्ठात, म्हणजे माझ्याकडे आली तेव्हा जेमतेम महिन्यावर, आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर. सोबत आई. मुलगी दोन्ही मुठी मांडीवर ठेवून बसलेली, बोलणं सगळं आईचं. अशा क्लायंट हात लगेच टेबलावर ठेवत नाहीत, ठेवला तरी बोटं आत वळलेली असतात, त्यामुळे मी आधी तळहात वर करून घेते, मग हळूच उलटा करते, आणि चेहऱ्यावर काहीही दाखवत नाही. "अगंबाई हे काय" असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी ती मुलगी परत येत नाही.

हाताची अवस्था अशी. दहापैकी एकाही बोटाला पुढे आलेलं नख म्हणजे फ्री एज नाही. उजव्या अंगठ्याचं नख तर निम्म्यापेक्षा कमी उरलेलं, आणि त्याच्या पुढची कातडी गादीसारखी फुगून नखाच्या वर आलेली, बाजूची कातडी पण दोन्हीकडून नखावर चढलेली. नखांची रुंदी जास्त आणि लांबी कमी, कडा करवतीसारख्या नसल्या तरी हात फिरवला की टोचणाऱ्या. वर पांढरे खरबरीत चट्टे, कारण मागच्या वर्षी एका ठिकाणी ग्लूने प्लास्टिकच्या टिप्स लावून घेतल्या होत्या आणि मग आठवड्याभरात दातांनीच उपटल्या, तेव्हा टिपबरोबर नखाचा वरचा थर पण गेला. नखावर बोटाने दाबलं की नख वाकत होतं. दोन-तीन बोटांना कडेची सालपटं ओढून काढल्यामुळे ओल्या जखमा, आणि डाव्या हाताच्या अनामिकेला, म्हणजे नेमकं अंगठीच्याच बोटाला, नखुर्डं. कडेला लाल, गरम, दाबलं की ठणकतंय, आत पू धरलेला दिसतोय.

आई म्हणाल्या, "अहो ताई, अंगठी घालताना सगळ्यांचं लक्ष हाताकडेच असणार, तिच्या होणाऱ्या नणंदेची नखं तर एवढी सुंदर आहेत, जरा लांब लावून द्या ना आजच."

मी म्हटलं, "काकू, आज मी काहीच लावणार नाहीये."

त्यांना ते आवडलं नाही, साहजिकच आहे, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आणि समोरची नाही म्हणतेय. पण कारण नीट सांगितलं. नखुर्डं म्हणजे इन्फेक्शन, त्यावर आपण जेल, म्हणजे लॅम्पमध्ये सुकवायचं प्रॉडक्ट, घातलं तर ते आत कोंडणार, म्हणून ते बोट आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते सुकेपर्यंत त्या बोटाला मी हात लावणार नाही. पू, सूज, हिरवट डाग, नखाखाली भुगा, कडेला चामखीळ यातलं काहीही दिसलं तर आपलं टेबल ही जागा नाही. नखं खाणाऱ्यांना नखाच्या कडेला चामखीळ बऱ्याचदा असते आणि ती पसरते, कातडी ढकलायच्या-कापायच्या आपल्या पुशर-निपरवरून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पण जाऊ शकते. बाकी बोटांच्या जखमा भरायला आठ-दहा दिवस द्यायचे. त्या दिवशी मी फक्त सालपटं निपरने मुळापासून कापली, ओढली नाहीत, कडा बारीक फाईलने गुळगुळीत केल्या, रात्री व्हॅसलीन आणि दिवसा तेल लावायला सांगितलं.

आता जखमेवर न लावण्याचा आग्रह इतका का, तर जेल असो वा अॅक्रिलिक (पावडर आणि लिक्विड मिसळून लावतात ते), ते पूर्ण सुकायच्या आत कातडीला लागलं तर अॅलर्जी बसू शकते, आणि ही अॅलर्जी एकदा बसली की साधारणपणे जन्मभर राहते. बोटांना खाज, पुरळ, पापुद्रे, कधीकधी पापण्या आणि मानेलासुद्धा, कारण हात तिथे लागतात. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता आणि युरोपियन युनियनने २०२० मध्ये नियम काढून हेमा नावाचं अॅक्रिलेट रसायन असलेली नखांची प्रॉडक्ट्स फक्त प्रोफेशनल वापरासाठीच ठेवायला लावली. आणि गोष्ट नखांवर थांबत नाही, त्याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये पण असतात. तसं बघितलं तर आपला सगळा धंदाच डेंटिस्ट लोकांच्या सामानातून आलाय, १९३४ मध्ये शिकागोच्या मॅक्सवेल लॅपे नावाच्या डेंटिस्टने कृत्रिम नखं काढली ती खास नखं खाणाऱ्यांसाठी, आणि १९५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रेड स्लॅकने, हेही डेंटिस्टच, स्वतःचं तुटलेलं नख दातांच्या अॅक्रिलिकने आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलचा फॉर्म, म्हणजे नखाखाली धरायचा साचा, करून दुरुस्त केलं. तेव्हा नखामुळे अॅलर्जी बसलेल्या माणसाला पुढे दात भरताना सुद्धा त्रास होऊ शकतो, हे मी प्रत्येक आईला सांगते. या मुलीची कातडी फाटलेली, म्हणजे रसायनाला आत जायला दारच उघडं. "हेमा फ्री" लिहिलेली बाटली आणली म्हणजे सुटलो असंही नाही, त्यात दुसरी अॅक्रिलेट्स असतातच, लागू नये याची काळजी तेवढीच घ्यायची.

दहा-बारा दिवसांनी मुलगी एकटीच आली. नखुर्डं डॉक्टरांच्या औषधाने बसलेलं, जखमा सुकलेल्या. साखरपुड्याला थोडेच दिवस. इथे खरा प्रश्न होता की लांबी द्यायची की नाही.

लांबी का नाही दिली

फ्री एज नसलेल्या नखावर लांबी द्यायच्या दोन पद्धती सगळीकडे दाखवतात. एक म्हणजे टिपच्या मागचा खड्डा कापून लहान करायचा आणि ग्लूने चिकटवायची. दुसरी म्हणजे अॅक्रिलिकचा छोटा गोळा नखाच्या टोकाला ठेवून तो पुढच्या फुगलेल्या कातडीवर किंचित ओढायचा, सुकला की कातडी खाली दाबून त्या नकली कडेखाली फॉर्म अडकवायचा आणि त्यावर पुढचं नख बांधायचं. दुसरी पद्धत हातात सफाई असेल तर दिसायला फारच सुंदर येते, दीड-दोन तासांत आधीचे आणि नंतरचे फोटो बघून लोक थक्क होतात. पण मला ती पटत नाही, निदान इतक्या लहान नखावर तरी नाही. एक तर ओलं प्रॉडक्ट कातडीवर टेकवणं हाच त्या पद्धतीचा पाया आहे, आणि कातडीवर टेकवायचं नाही हे आपण वर बोललोच. दुसरं, त्या नकली लांबीला खालून आधार कशाचाच नाही, धरून ठेवायला मागे नख आहे पाच-सहा मिलिमीटर, आणि पुढे तेवढीच लांबी काढली तर रोजच्या वापरात प्रत्येक धक्क्याला नख मागून उचकटणार. लांबी नखाच्या गुलाबी भागाच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवायची असा मी नियम धरते, आणि या मुलीच्या अंगठ्याचा एक तृतीयांश म्हणजे बघायला भिंग लागेल एवढाच.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. जिला बोटाच्या टोकापुढे नख असण्याची वर्षानुवर्षं सवयच नाही, तिला एकदम लांब नख दिलं तर ती बटण लावताना, नोटा मोजताना, मोबाईलवर टाईप करताना अडखळते, सतत तिकडे लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की हात तोंडाकडे जातो. मग ती ते चावत नाही, चावता येत नाही कारण ते जाड असतं, ती ते कडेने उचकटते, आणि उचकटताना स्वतःच्या नखाचा थर घेऊन येते. म्हणजे खाल्ल्याने जेवढं नुकसान झालं नसतं तेवढं उपटल्याने होतं. मागच्या वर्षीच्या टिप्सचं तेच झालं होतं.

म्हणून ठरवलं की आत्ता फक्त ओव्हरले, म्हणजे आहे त्या नखावर पातळ मजबूत थर, लांबी शून्य. त्या थराचं काम एवढंच की नख वाकू नये, कड खरबरीत राहू नये, आणि दाताला पकडायला काही सापडू नये. नखं खाणारी माणसं कंटाळा आला, टेन्शन आलं म्हणून सुरुवात करतात हे खरं, पण बऱ्याचदा सुरुवात होते ती अंगठ्याने चाचपताना एखादी खरबरीत कड लागली म्हणून. ती कडच काढून घेतली तर निम्मं काम होतं. लांबी तिचं स्वतःचं नख देईल. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला सहा महिने धरायचे, आणि लग्नाला सहाच महिने होते. हिशोब जुळत होता.

मुलीला हे सगळं सांगितल्यावर ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली, "म्हणजे साखरपुड्याला लहानच दिसणार ना ताई?" मी म्हटलं, "लहान दिसतील, पण खाल्लेली दिसणार नाहीत. ही दोन वेगळी दिसणं आहेत." आणि खरंच आहेत.

पहिलं सेटिंग

प्रॉडक्ट निवडताना अॅक्रिलिक बाजूला ठेवलं. खाल्लेल्या नखांना अॅक्रिलिकच बरं असं मानणाऱ्या चांगल्या नेल टेक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते घट्ट धरतं आणि लॅम्पची उष्णता नसते. पण ते कडक असतं, खालचं नख वाकणारं आणि वरचं अजिबात न वाकणारं असलं की मधून सुटतं. आणि आपल्याकडे बाजारात सुटं मिळणारं अॅक्रिलिकचं स्वस्त लिक्विड तर मी कुठल्याच नखाला लावत नाही, त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असण्याची शक्यता असते, ज्याच्यावर अमेरिकेत १९७० च्या दशकातच तक्रारी येऊन सरकारने कारवाई केली होती, ते इतकं कडक होतं की धक्का बसला तर ते तुटत नाही, खालचं नखच फाटतं, आणि अॅसिटोनमध्ये पण नीट विरघळत नाही. म्हणून मी रबर बेस, म्हणजे खालचा लवचीक थर, आणि त्यावर सोक ऑफ होणारं, म्हणजे अॅसिटोनमध्ये भिजवून काढता येणारं, जाडसर बिल्डर जेल घेतलं, नखाबरोबर थोडं वाकणारं.

प्रेपमध्ये, म्हणजे नख तयार करण्यात, सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा. खाल्लेल्या नखावर दिसतं त्यापेक्षा जास्त नख झाकलेलं असतं, मागून क्युटिकलने आणि बाजूने चढलेल्या कातडीने. क्युटिकल रिमूव्हर लावून पुशरने हळूहळू मागे नेलं, नखाला चिकटलेला पारदर्शक पापुद्रा खरवडून काढला, जिवंत कातडी कापली नाही. एवढ्यानेच प्रत्येक नख मिलिमीटरभर मोठं दिसायला लागलं, ते तिला आरशासारखं समोर धरून दाखवलं तेव्हा ती हसली. ई-फाईल, म्हणजे विजेवर फिरणारी फाईल, या नखांवर अजिबात नाही. २४० च्या बफरने फक्त चकाकी जाईल एवढंच, दोन-तीन हलके हात, कारण घासायला नख उरलंच कुठे होतं. मग डिहायड्रेटर, म्हणजे नख कोरडं करणारं लिक्विड, दोनदा. सतत तोंडात जाणारी नखं पाणी धरून असतात, त्यामुळे हात धुवून लगेच काम सुरू करू नका, मी तिला आल्यावर हात नुसते सॅनिटाईझ करायला लावून थोडा वेळ गप्पा मारत बसवते. प्रायमर, म्हणजे जेल धरून ठेवणारा हात, अॅसिडचा नाही, अॅसिड फ्री, आणि तोही ब्रश टिश्यूला टिपून.

रबर बेस एकदम पातळ, जवळजवळ चोळल्यासारखा. इथे एक बारकावा आहे. नेहमी आपण प्रॉडक्ट टोकाच्या कडेवरून खाली उतरवतो म्हणजे कड सील होते, पण इथे कडच नाही, पुढे लगेच कातडी. म्हणून डाव्या अंगठ्याने तिच्या बोटाचं टोक खाली आणि मागे ओढून धरायचं, कातडी आणि नखाच्या मध्ये बारीक फट दिसते, त्या फटीपर्यंत ब्रश न्यायचा पण आत जाऊ द्यायचं नाही, आणि तसंच धरून आधी जेल सुकवायच्या छोट्या टॉर्चने पाच-सात सेकंद फ्लॅश करायचं, मग हात सोडून लॅम्पमध्ये. दहाची दहा बोटं एकदम करायची नाहीत, एकेक करायचं, नाहीतर थांबलेलं जेल ओघळून कडेला जातंच. कुठे जरा जरी लागलं तर क्युअर करायच्या, म्हणजे लॅम्पमध्ये सुकवायच्या, आधी बारीक काडीने पुसून काढायचं.

बिल्डर जेलच्या वेळी हीट स्पाइकचं आधीच सांगून ठेवलं होतं. जेल सुकताना गरम होतं, जाड नखाला ते कळत नाही, पातळ नखाला चटका बसतो, आणि काही मुली लाजून सांगत नाहीत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हात आत ठेवतात. लो हीट मोड, पातळ दोन थर, आणि चटका लागला की हात बाहेर काढून बोटं टेबलावर दाबायची. उंचवटा म्हणजे एपेक्स नखाच्या मधोमध ठेवला, कारण लहान नखाला ताण मधेच येतो, कडांना आणि टोकाला पातळ. फायलिंग करताना बाजू किंचित आत घेतल्या, खाल्लेलं नख पुढे पंख्याने फाकतं ते त्याने झाकलं जातं, टोकाला गोलसर आकार. कलर दुधी गुलाबी. गडद रंग किंवा फ्रेंच, म्हणजे पांढरी टोकं, अशा नखाला आणखी आखूड करतात, तर गुलाबी रंगात नख कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं ते लांबून कळत नाही.

साखरपुड्याचे फोटो आले. अंगठी घालतानाचा हात वरून घेतलेला, नखं आखूड, स्वच्छ, एकसारखी. काकूंनीच पाठवले होते, खाली लिहिलं होतं "छान आलेत हो ताई", त्यांच्या मनात होती तेवढी लांबी नव्हतीच, पण तो विषय त्यांनी नंतर काढला नाही.

काउंटरवरचा स्पंज आणि अंगठा

पहिल्या रिफिलला, म्हणजे मागे वाढलेली जागा भरून घ्यायला, दोन आठवड्यांनी आली तर डावा हात ठणठणीत आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन्हींचं जेल सुटलेलं, मागे नाही, पुढच्या टोकाला. चावलंस का विचारलं तर शपथेवर नाही म्हणाली, आणि खोटं बोलणारी मुलगी नाही ती. मग म्हटलं काउंटरवर नोटा कशा मोजतेस ते दाखव. तिने माझ्या टेबलावरच्या टिश्यूंची गड्डी घेतली आणि दर चार-पाच टिश्यूंना अंगठा आणि तर्जनी कोपऱ्यात असलेल्या, खरं तर नसलेल्या, डबीत बुडवून दाखवली. ओल्या स्पंजची डबी. दिवसभर तीच दोन टोकं ओली. आपण लिफ्टिंग झालं, म्हणजे जेल नखापासून सुटलं, की प्रेप, प्रायमर, लॅम्प सगळं तपासतो, पण गिऱ्हाइकाचे हात दिवसभर काय करतात ते विचारत नाही. रबरी टोपी घालायला सांगितली, मेडिकलमध्ये नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि जेवढं मशीनवर मोजता येईल तेवढं मशीनवर. त्यानंतर त्या दोन बोटांचं लिफ्टिंग जवळजवळ थांबलं. घरी भाकरी थापतानाचं पण तेच, पीठ मळताना आणि थापताना टोकांवर दाब येतो आणि पीठ कडेखाली जाऊन बसतं, तेव्हा भाकरी करून झाल्यावर मऊ ब्रशने साफ करायचं आणि कोरडं करायचं.

सवयीसाठी तिने लहानपणापासून सगळं करून झालं होतं. आईने कडुनिंब, कारल्याचा रस, एकदा मिरची पण लावली होती. मेडिकलमध्ये मिळणारी कडू नेलपॉलिश पण लावून झाली, त्यात डिनॅटोनियम बेंझोएट नावाचा अतिशय कडू पदार्थ असतो, १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडलेला. तो काम करतो, पण आपण हाताने जेवतो, वरणभात कालवला की तो कडूपणा घासात येतो, आणि मग दोन दिवसांत माणूस बाटली फेकून देतो. तिने पण तेच केलेलं. मी तिला तेलाचं छोटं पेन दिलं आणि सांगितलं की हात तोंडाकडे निघाला की आधी एका बोटाला तेल लावून चोळायचं, मग वाटलं तर खा. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, सवय मोडायला त्या जागी हाताला दुसरं काम द्यायचं ही पद्धत अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली आणि अजूनही ती वापरतात. तेल चोळलेलं बोट तोंडात घालावंसं वाटत नाही हा वरचा फायदा. सोबत काचेची छोटी फाईल पर्समध्ये, कुठे खरबरीत लागलं की दोन हात मारायचे. आणि एक अट, कुठलंही नख उचललं गेलं तर उपटायचं नाही, मला फोन करायचा, मी त्या एका नखाचे पैसे घेणार नाही.

तरी आषाढात एकदा झालंच. हॉल आणि देण्याघेण्यावरून घरात बोलाचाली झाली त्या रात्री उजवा अंगठा पूर्ण सोलून काढला, जेलसकट. सकाळी फोन आला, रडत होती, सॉरी ताई, सॉरी ताई. मला दगा दिल्यासारखं बोलत होती बिचारी. मी ये म्हटलं आणि आल्यावर त्यावर एक शब्द बोलले नाही. नऊ बोटं शाबूत होती, ते तिला मोजून दाखवलं. अंगठ्याचं नख कागदासारखं झालं होतं, लाल दिसत होतं, त्यावर लगेच परत जेल घालायचा मोह होतो कारण एकच बोट उघडं दिसतं, पण इतक्या पातळ नखाला चटका बसणार आणि परत सुटणार. त्या बोटाला फक्त तेल आणि दिवसा कापडी टेप गुंडाळायला सांगितली, मागून जाड नख तीन-चार मिलिमीटर पुढे येईपर्यंत. त्यामुळे तो अंगठा बाकीच्यांपेक्षा दीड महिना मागे पडला आणि तो फरक शेवटपर्यंत राहिला.

श्रावणात डाव्या हाताला पहिल्यांदा स्वतःची फ्री एज दिसली, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. आता फॉर्म खाली नीट बसत होता, कातडीला न टेकता. अंगठे सोडून बाकी आठ बोटांना दोन मिलिमीटर लांबी दिली. बघण्यासारखी गोष्ट पुढेच होती. जसं नख पुढे जातं तसं खालची गुलाबी जागा पण त्याच्याबरोबर पुढे सरकते, सतत चावल्यामुळे मागे गेलेली पकड हळूहळू परत येते, आणि फुगलेली कातडी नखाखाली जाऊन बसते. गणपतीपर्यंत तिच्या अनामिकेचा गुलाबी भाग मे महिन्याच्या फोटोपेक्षा स्पष्ट लांब दिसत होता. यासाठी सुरुवातीपासून प्रत्येक वेळी एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढा, गिऱ्हाइकाला रोज बघून फरक कळत नाही आणि ते फोटो हाच तिला मिळणारा सगळ्यात मोठा धीर असतो. दर दोन आठवड्यांनी रिफिल कायम ठेवलं, बाकी गिऱ्हाइकांना मी तीन-चार आठवडे देते पण हिला नाही, कारण मागे वाढलेली जागा बोटाला लागली की चाचपणं सुरू होतं.

दिवाळीच्या साफसफाईत रबरी हातमोजे. फराळाला हातमोजे जमत नाहीत, चकलीचं पीठ मळून झालं की ब्रश.

लग्नाच्या वेळचा क्रम पण लिहून ठेवते कारण यावरून बऱ्याच जणींचे घोळ होतात. नखं आधी, मेंदी नंतर, कारण नखांच्या कामात स्पिरिट, अॅसिटोन, घासणं सगळं येतं आणि ताज्या मेंदीचा रंग त्याने उतरतो. हळद हा खरा शत्रू आहे, जेलच्या टॉप कोटला पण पिवळा डाग पडतो, दुधी गुलाबीवर तर फारच. हळदीच्या आधी नखांवर आणि आजूबाजूला तेलाचा हात, हळद लागल्यावर कार्यक्रम संपताच साबणाने धुवायचं, सुकू द्यायची नाही. मी संध्याकाळी घरी जाऊन टॉप कोटचा वरचा थर हलका बफ करून नवीन टॉप कोट दिला, मेंदीला धक्का न लावता अर्ध्या तासाचं काम. हिरव्या चुड्यात तिचे हात फारच सुंदर दिसत होते, नखं टोकापुढे तीन मिलिमीटर असतील, आणि आता टोकाचं बरंचसं तिचं स्वतःचं.

सध्याची स्थिती अशी. आठ बोटांचं नख मुळापासून टोकापर्यंत नवीन आलेलं आहे, पांढरे चट्टे कापले गेले, दाबल्यावर वाकत नाही. ती आठ मी लांबीविना नुसत्या पातळ रबर बेसवर आणली आहेत, काढताना वरचा थर फाईल करून अॅसिटोनमध्ये पंधरा मिनिटं, आणि मऊ होऊन आपोआप उचललं तेवढंच ढकललं, खरवडलं नाही. डावा अंगठा बरोबरीला आलाय. उजव्या अंगठ्याची फ्री एज आत्ता कुठे दिसायला लागली आहे, त्यावर ओव्हरले अजून दोन-तीन महिने राहील, आणि सासरी गेल्यापासून ताण आला की तोच अंगठा आधी तोंडात जातो असं ती स्वतः सांगते. ती आता नाशिकमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या नेल टेकसाठी एक कागद लिहून दिलाय, त्यात कुठलं प्रॉडक्ट, लॅम्पचा कुठला मोड, ई-फाईल नको, कातडीला लागू देऊ नका, आणि उजव्या अंगठ्याला लांबी मागितली तरी देऊ नका.